पार्किंग + ४ मजली इमारत (जुळे सोलापूर): नकाशा काढतानाच मजुरांच्या सुरक्षेसाठी काय काय बदलता येतं?

कागदी_गवंडी

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातल्या एका इमारतीचा आराखडा सुरू आहे. प्लॉट १८ × २४ मीटर, चारही बाजूंनी ३ मीटर मोकळी जागा, म्हणजे इमारत १२ × १८. वर २.४ मीटर काळी माती, खाली मुरूम. कॉलम २०, मजल्याची उंची ३ मीटर. रस्त्याच्या बाजूला कंपाउंडच्या रेषेपासून मीटरभर बाहेरून ११ केव्हीची लाइन जाते. दोन डक्ट (पाइप नेण्याच्या उभ्या पोकळ्या), एक लिफ्ट, गच्चीवर टाकी आणि प्रवेशाशी दोन मजले उंच लॉबी (मालकांची हौस).

हेल्मेट-बूट-बेल्टची यादी नको. ती प्रत्येक टेंडरच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली असतेच. कॉलम कुठे, पाया कसला, पॅरापेट (गच्चीचा कठडा) किती, हे ठरवतानाच कोणते धोके मुळातून जातात, ते सांगा. आणि ठेकेदाराकडून ते करून कसं घ्यायचं, तेही.

मुरूम

खड्ड्यापासून सुरू करू. फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) २.६ मीटरवर जाणार. काळी माती एप्रिल-मेमध्ये इतकी टणक असते की जेसीबीने कापलेली बाजू ओळंब्यात उभी राहते, आणि मग शोअरिंगचं (खड्ड्याच्या बाजूंना आधार देण्याचं) नाव काढलं की लोक हसतात. पण तिला वरून भेगा असतात. वळवाचं पाणी त्या भेगांत उतरलं की भेगेपासून आख्खा ढलपा सुटतो. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड बाहेर असूनही गुदमरतो, कारण छाती फुलायला जागाच उरत नाही.

आता तुमच्या कागदावरचा हिशोब. कडेचा कॉलम इमारतीच्या कडेवर, फुटिंग १.८ मीटर चौरस. कॉलमच्या मध्यापासून ०.९, त्यात काम करायला ०.३. हद्दीपर्यंत उरले १.८ मीटर. १:१ उतार (जेवढी खोली तेवढंच आडवं अंतर) द्यायचा तर २.६ लागतात. म्हणजे तुमच्या नकाशाने उभा खड्डा आधीच ठरवून टाकलाय, ठेकेदार काहीही म्हणो. कॉलमची ओळ १ मीटर आत घेतली तर २.८ मिळतात आणि उतार बसतो. (कोरड्या दिवसांतला हिशोब आहे हा. काम पावसाळ्यात लोटलं तर १:१ वरही विसंबू नका.)

२० सुटे खड्डे घेऊ नका. मधे मातीच्या अरुंद पट्ट्या उरतात आणि त्यांच्यावरूनच पाट्या वाहिल्या जातात. एकच सलग खोदाई, एका बाजूला उताराचा रस्ता. निघालेली माती खड्ड्याच्या काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतलं जे जास्त असेल तिथे टाकायची असते. तुमच्या प्लॉटवर ती जागाच नाही. म्हणून ‘माती डंपरने त्याच दिवशी बाहेर’ हा दर आधीच टेंडरमध्ये घाला. शिडी दर ३० मीटरला एक, काठाच्या वर ९० सेंमी आलेली. ६ घनमीटरचा भरलेला मिक्सर २५ टनांच्या घरात जातो, त्याचा रस्ता खड्ड्यालगत नको. तोही साइट प्लॅनवर काढा.

ओळंबा

काळी माती आहे तर फुटिंगच कशाला? बोअर करून पाइल (जमिनीत भोक पाडून भरलेले काँक्रीटचे खांब) घ्या. माणूस खड्ड्यात उतरतच नाही, धोका मुळातून गेला म्हणतात तो असा. अंडर-रीम (खाली फुगवटा असलेली) पाइल आपल्याकडे याच मातीसाठी वापरात आली. एका कॉलमला तीन-चार पाइल आणि वर कॅप, कॅपचा खड्डा मीटरभरच.

मुरूम

बरोबर, पण २.४ वर मुरूम लागतोय. कडक मुरमात हाताच्या ऑगरने खालचा फुगवटा नीट कापला जात नाही. सरळ बोअर, मशीनने, मुरमात पुरेसा खोल नेऊन करावा लागेल. आधी दोन ठिकाणी बोअर घेऊन मुरूम किती कडक आहे ते बघा, मग ठरवा. आणि पाइलचं उघडं भोक हा स्वतःच एक धोका आहे. ३०० मिमीच्या भोकात पाय जातो, शेजारचं पोरगंही जाऊ शकतं. घेतलेलं भोक त्याच दिवशी भरायचं. नाही जमलं तर वर लोखंडी प्लेट. गोणपाट चालणार नाही, ते भोक झाकत नाही, लपवतं.

सळई_८

कॉलम १ मीटर आत घ्या हे सोपं वाटतं, पण मग प्रत्येक मजल्याला चारही बाजूंनी १ मीटर कॅन्टिलिव्हर (खाली आधार नसलेला, पुढे आलेला भाग) आला. खड्ड्यातला धोका काढून स्लॅबच्या कडेला नेऊन ठेवलात. कॅन्टिलिव्हरची मुख्य सळई वरच्या थरात असते. स्लॅब भरताना पाटीवाले तिच्यावरूनच ये-जा करतात, सळई दबून खाली बसते, नकाशातली वरची सळई प्रत्यक्षात मधे किंवा खाली. टेकू असेतोवर काही कळत नाही. टेकू काढले की कडा वाकते, आणि छज्जा असेल तर काढणाऱ्याच्याच अंगावर येतो.

म्हणून कॅन्टिलिव्हर घेणारच असाल तर नकाशावरच लिहा: सळईच्या घोड्या (वरची सळई उचलून धरणारे टेके) १० मिमीच्या, दोन्ही दिशांना दर मीटरला एक, चालायला फळ्यांचा रस्ता घोड्यांवर टेकलेला. छज्जासाठी आणखी एक ओळ: लिंटेलच्या वरची भिंत चढल्याशिवाय छज्जाखालचे टेकू काढू नयेत. त्या भिंतीच्या वजनावरच तो तोललेला असतो.

आणि छज्जावर उभं राहून रंगकाम करायची जी पद्धत आहे ना, ती डिझाइन करणाऱ्याला माहीत असते. तरी भार धरताना ‘कोणी जात नाही’ असं समजून ०.७५ किलोन्यूटन प्रति चौमी धरतात. १.५ धरा. सळईत पडणारा फरक किरकोळ आहे.

परांचीवाला

माझ्या मते एवढं सगळं कागदावर आणायची गरज नाही. चांगला डबल लॅनयार्डचा (दोन दोरांचा) बेल्ट द्या, सुपरवायझर कडक ठेवा, झालं.

लेव्हलपट्टी

परांचीवाले, बेल्टचा हिशोब मांडून बघा. लॅनयार्ड २ मीटर. शॉक अॅब्सॉर्बर पूर्ण उघडला तर १.७५ पर्यंत लांबतो. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत १.५. खाली शिल्लक ठेवायला १ मीटर. बेरीज ६.२५. म्हणजे हुक ज्या ठिकाणी अडकवला त्याच्या खाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. माणसाने पायाशी, स्लॅबच्या सळईत हुक लावला (बहुतेक तिथेच लावतात) तर पहिला स्लॅब ३ मीटरवर, दुसरा ६ वर. या दोन्ही स्लॅबवर बेल्ट घातलेला माणूस बेल्टसकट जमिनीवर आदळू शकतो. डोक्यावर, पायापासून अडीच मीटरवर हुक असेल तर खाली ३.७५ पुरतात, पण स्लॅब भरताना डोक्यावर असतं तरी काय?

त्यापेक्षा आखूड दोर, ज्याने कडेपर्यंत पोचताच येत नाही, तो केव्हाही बरा. आणि सगळ्यांत बरा कठडा, कारण त्याला कोणी अडकवून घ्यायची गरज नसते.

कागदी_गवंडी

कठड्यासाठी कडेच्या बीममध्ये स्लॅब भरतानाच पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरायचा विचार आहे. ६३ मिमीचा पाइप, १५० मिमी खोल, दर २ मीटरला. त्यात ४० मिमी बोअरची लोखंडी पाइप उभी करायची. चालेल?

लेव्हलपट्टी

चालेल, पण पंधरा दिवसच! तुमची बाहेरची भिंत त्या बीमवरच येणार आहे. गवंडी भिंत लावायला आला की पहिलं काम म्हणजे कठडा उपटणार, आणि वीटकाम हेच नेमकं कडेवर उभं राहून करायचं काम. पोस्ट भिंतीच्या रेषेच्या आत हवी. १५० ची भिंत, वर आतला गिलावा, काम करायला थोडी फट, म्हणजे पोस्टचा मध्य कडेपासून ३०० मिमीवर. पण तिथे बीम नाही, १२५ चा स्लॅब आहे, त्यात १५० खोल भोक कसं बसवणार?

म्हणून बेसप्लेट घ्या. १५० × १५० × ८ मिमी, चार १२ मिमी बोल्ट. बोल्ट दोन दिवसांच्या स्लॅबमध्ये ड्रिल करून ठोकले तर धरत नाहीत, म्हणून जे-बोल्ट खालच्या जाळीला बांधून स्लॅबसोबतच भरायचे. बोल्टांची जागा हलू नये म्हणून १२ मिमी प्लायचा साचा करा, चार भोकांचा, आणि स्लॅब भरला की तोच उचलून पुढच्या पोस्टला. आट्यांवर पीव्हीसीचं टोपण घाला, नाहीतर सिमेंटचं दूध बसून नट फिरत नाही आणि मग पोस्ट एका बोल्टवर उभी राहते. वरच्या दांड्यावर कुठूनही ८९० न्यूटनचा, म्हणजे साधारण ९० किलोचा धक्का बसला तरी टिकला पाहिजे, हा अमेरिकेतल्या ओशाचा (कामगार सुरक्षा खात्याचा) निकष आहे. १ मीटर उंचीला त्याचा बोल्टांवरचा ताण मोजून घ्या.

वरचा दांडा १ ते १.१ मीटरवर, मधला त्याच्या निम्म्यावर, खाली १५ सेंमीची फळी. खालची फळी माणसासाठी नाही. वरून सरकणारी वीट आणि पाना खाली पार्किंगमध्ये काम करणाऱ्याच्या डोक्यात पडू नये म्हणून ती.

आणि स्लॅब भरण्याआधीचं विसरू नका. सेंट्रिंगच्या फळ्या इमारतीच्या कडेबाहेर ६० सेंमी काढून त्यांच्याच टोकाला तात्पुरता कठडा, हे सेंट्रिंगच्या ड्रॉइंगमध्येच यायला हवं.

ओळंबा

गच्चीवर पॅरापेट १.१ मीटर ठेवा. पुढे टाकी धुणारा, सोलर बसवणारा, डिश लावणारा या सगळ्यांना तोच कायमचा कठडा होतो. क्रम लिहा: आधी पॅरापेट, मग टाकी आणि वॉटरप्रूफिंग. एरवी उलटं होतं.

सळई_८

डक्टबद्दल कोणीच बोललं नाही. साधी युक्ती: डक्टच्या जागी स्लॅबच्या सळया तोडू नका, दोन्ही दिशांनी ८ मिमीच्या, १५० मिमी अंतरावर तशाच पुढे जाऊ द्या, फक्त काँक्रीट भरू नका. डक्टच्या कडेला साचा उभा करायचा, सळया त्याच्या खाचांतून पार. माणूस त्या जाळीतून पडत नाही. वर प्लाय टाकून तारेने जाळीला बांधा, म्हणजे पानाही पडत नाही. प्लाय नुसती ठेवू नका. कोणीतरी ‘प्लाय पडलीय’ म्हणून उचलतो आणि पुढचं पाऊल भोकात टाकतो.

बिघडतं कुठे? प्लंबर पहिल्याच दिवशी ग्राइंडरने अख्खी जाळी उडवतो. म्हणून ड्रॉइंगवर पाइपची जागा गोल करून दाखवा आणि लिहा: फक्त या गोलातल्या सळया कापाव्यात, बाकीची जाळी कायम राहील. ती राहिली तर दहा वर्षांनी डक्टमधला पाइप बदलणाऱ्यालाही उभं राहायला जागा मिळते.

लिफ्टच्या विहिरीला प्रत्येक मजल्यावर समोरासमोरच्या भिंतींत चार खिसे ठेवा, पाइप आडवे टाकून फळ्यांचा प्लॅटफॉर्म करायला. नाहीतर तळापासून वरपर्यंत बल्ल्यांची परांची बांधतात आणि सुटते तेव्हा सगळीच सुटते. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं, तिथे रात्रीचं कोणी पडू नये म्हणून तोंडाला झडप पहिल्या दिवसापासून.

मुरूम

लॉबी. ६ मीटर उंच टेकू म्हणजे वेगळं डिझाइन. एकावर एक बल्ली जोडून चालत नाही. आयएस १४६८७ (टेकूंचं भारतीय मानक) बघा, आडवे-तिरपे बांध मोजून द्या. दर वेळी गाडी अडते ती खालीच: टेकू भरावाच्या काळ्या मातीवर उभे, वरून क्युरिंगचं पाणी गळतं, माती मऊ होते, एक टेकू बसतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो. लॉबीच्या जागी आधी पीसीसी (साधं काँक्रीट) करा, मग टेकू. मालकांना विचारून बघा, लॉबी साडेचार मीटरवर भागते का.

टेकू काढायचे दिवस आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आहेत. स्लॅबचा गाळा ४.५ मीटरपर्यंत ७ दिवस, त्यापुढे १४. बीम ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. पण हे साध्या ओपीसी सिमेंटचे. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं), ताकद सावकाश चढणारं. त्याला दिवस वाढवून नकाशावर आकड्यात लिहा. ‘नियमानुसार’ लिहू नका, सेंट्रिंगवाल्याला ते वाक्य दिसत नाही.

परांचीवाला

११ केव्हीबद्दल मात्र मी बोलतो. आडवं अंतर १.२ मीटर हवं, तुमच्याकडे भिंतीपासून ४ मीटर आहे, म्हणजे कागदावर छान. आता परांची लावा. भिंतीपासून ०.३ सोडून १.२ रुंद. उरले अडीच. परांचीची पाइप ६ मीटरची आणि सळई १२ मीटरची. पाइप उभी करताना टोक फिरतं, आणि खांद्यावरची सळई वळणावर मागच्या बाजूने किती झाडते ते पुढच्याला दिसत नाही. तारेला शिवायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते.

सळई कापायचं-वाकवायचं यार्ड आणि माल चढवायची लिफ्ट दोन्ही मागच्या बाजूला, हे साइट प्लॅनवर. रस्त्याच्या बाजूला ३ मीटरच्याच पाइप. आणि महावितरणकडे लाइन सरकवायचा किंवा केबल टाकायचा अर्ज नकाशा मंजुरीच्या बरोबरच द्या. इस्टिमेट, पैसे भरणं, शटडाउन यात महिने जातात आणि तोवर तिसरा स्लॅब पडलेला असतो. तारेवर आपणच पीव्हीसी पाइप चढवायचे प्रकार करू नका.

ओळंबा

ब्लॉकचं वजन: ४०० × २०० × १५० चा सॉलिड काँक्रीट ब्लॉक २६-२७ किलो, दिवसभर खांद्याच्या वर उचलायचा. ६०० × २०० × १५० चा एएसी (हलका, सच्छिद्र) ब्लॉक कोरडा ११-१२, ओला आला तर १५ च्या आसपास. बीमची खोली अशी धरा की बीमखाली पूर्ण ब्लॉकांचे थर बसतील. अर्धवट फट उरली की परांचीवर बसून ब्लॉक कापणं आलं. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, स्लॅबची वेळ पहाटेची लिहा, सावलीची शेड आणि पाण्याचा नळ साइट प्लॅनवर दाखवा.

पत्राशेड

जरा विषयांतर, पण मुद्दा हाच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडचं काम आहे. सिमेंट पत्रा, उजेडासाठी मधे फायबर पत्रे. छतासाठी ड्रॉइंगमध्ये काय घालू?

लेव्हलपट्टी

फायबर पत्रा हाच खरा खड्डा. नवा असताना चमकतो म्हणून ओळखू येतो. दोन वर्षांत त्यावर रुई, धूळ आणि शेवाळ बसून तो शेजारच्या सिमेंट पत्र्यासारखाच राखाडी दिसतो, तीच नाळी, तीच जे-हुकांची ओळ. पावसाळ्याआधी गळती बघायला चढलेला माणूस हुकांच्या ओळीवरून, म्हणजे पर्लिनवरून (पत्र्याखालच्या आडव्या दांड्यावरून), चालत येतो आणि तोल सावरायला बाजूला पाय टाकतो तो नेमका फायबरवर. खाली माग चालू असतो.

शक्य असेल तर उजेड छतातून घेऊच नका, नॉर्थलाइटसारखा उभ्या काचेतून घ्या, उत्तरेचा. ते जमत नसेल तर फायबरच्या खाली पर्लिनला बांधलेली वेल्डेड जाळी, पत्रा चढवण्याआधीच. सिमेंट पत्र्याला पर्लिन १.४ मीटरच्या पुढे नेऊ नका, आणि तरीही तो चालायचा पत्रा नाही असंच धरा. मोभावर आणि पन्हाळीच्या कडेने ४५० मिमी रुंदीचा चालायचा रस्ता आणि चढायला एकच कायमची शिडी, तीही त्या रस्त्यावरच उतरणारी. जिथून चढायचं तिथूनच सुरक्षित वाट सुरू झाली तर माणूस ती सोडत नाही.

मोजमाप_वही

पैशाचं बोलतो. ‘सुरक्षेचा सर्व खर्च दरात समाविष्ट’ हे वाक्य लिहिलं की जो सुरक्षा करणार नाही त्याचंच टेंडर स्वस्त येणार. म्हणून मोजता येणाऱ्या बाबी करा. तुमच्या इमारतीचा घेर ६० मीटर. दर २ मीटरला पोस्ट, म्हणजे मजल्याला ३०. दोन मजल्यांचा संच घ्या, खालची भिंत लागली की वर न्यायचा: ६० पोस्ट. दांडे ६० × २ × २ = २४० मीटर, खालची फळी १२० मीटर. जे-बोल्ट पाच स्लॅबला ३० × ४ × ५ = ६००. डक्टची जाळी २ × ५ = १० नग. शोअरिंग असेल तर चौरस मीटरवर. बसवल्याचं वेगळं मोजमाप, आणि स्लॅबचं बिल कठडा मोजल्याशिवाय निघणार नाही ही अट. बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर याच्यात धरू नका. तो मंडळाकडे जातो, तुमच्या साइटवर त्यातून कठडा येत नाही.

आणि हे डिझायनरने करायचं की नाही, यावर वाद नको. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतच आर्किटेक्ट, प्रोजेक्ट इंजिनिअर आणि डिझायनर यांचं कर्तव्य लिहिलं होतं: नियोजनाच्या वेळीच कामगारांच्या सुरक्षेचा विचार, धोकादायक प्रक्रिया लागेल असं काही डिझाइनमध्ये न घालणं, पुढच्या देखभालीचाही विचार. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही हे कर्तव्य आहे. ब्रिटनमध्ये १९९५ पासून आणि सिंगापुरात २०१६ पासून डिझायनरला धोक्यांची नोंद लेखी पुढे द्यावी लागते. तसा एक तक्ता ड्रॉइंगच्याच शीटवर कोपऱ्यात करा: उरलेला धोका कोणता, कुठे, कोणी सांभाळायचा. वेगळी फाइल केली तर ती ऑफिसात राहते.

कागदी_गवंडी

धन्यवाद मंडळी. आधी दोन बोअर घेतो. मुरूम कडक निघाला नाही तर पाइल, आणि कॉलम आहे तिथेच. फुटिंगच राहिलं तर फक्त मागची आणि डावी ओळ आत घेतो, तिथेच शेजारची भिंत हद्दीला लागून आहे. बाकी दोन बाजूंना शोअरिंग, चौरस मीटरवर. लॉबी साडेचारवर आणायला मालक तयार होतील असं दिसतंय. एकच शंका: गच्चीच्या स्लॅबमधल्या जे-बोल्टांतून पाणी गळणार नाही का?

लेव्हलपट्टी

गळेल, नुसते कापून सोडले तर. पोस्ट निघाल्यावर बोल्टाभोवती २५ मिमी खोल छिनून घ्या, बोल्ट त्या खळग्याच्या तळाशी कापा, नॉन-श्रिंक (न आकसणारं) ग्राउट भरा, दोन दिवस ओलं ठेवा, मग वॉटरप्रूफिंग. ही बाबही वहीत नगावर घ्या, गच्चीपुरते १२० नग.